डासअळीभक्षक देशी मासे : ओळख व संगोपन (विशेष संदर्भ : परभणी जिल्हा)

प्रस्तावना :
गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यात वसलेल्या परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यातील पाणीटंचाईमुळे घरोघरी रांजण, टाक्या व हौदांत पाणी साठविले जाते. वालूर, चारठाणा येथील बारवांसारख्या जुन्या जलवास्तूंतही पाणी साचते. असे स्थिर पाणी डासोत्पत्तीस पोषक असते. त्यावर अळीभक्षक मासे सोडणे हा परिचित जैविक उपाय होय. मात्र व्यवहारात अशा सर्वच माशांना सरसकट ‘गप्पी’ म्हटले जाते. परिणामी देशी समजून विदेशी मासाच सोडला जाण्याचा धोका संभवतो. म्हणून संगोपनापूर्वी अचूक ओळख आवश्यक ठरते.

विदेशी व देशी जाती :
गप्पी हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील, तर गॅम्बुशिया हा उत्तर अमेरिकेतील मासा असून तो १९२८ साली इटलीतून भारतात आणला गेला. गॅम्बुशिया इतर माशांची अंडी व बेडकांची पिले खातो, तसेच माशांचे पर कुरतडतो. जगातील शंभर सर्वाधिक घातक आक्रमक जातींच्या यादीत त्याचा समावेश आहे. याउलट अप्लोकायलस प्रजातीतील पट्टेदार पॅनचॅक्स (अ. लिनिएटस) व निळा पॅनचॅक्स (अ. पॅनचॅक्स) हे भारतीय मासे आहेत. यांपैकी पट्टेदार पॅनचॅक्सचे प्रथम वर्णन व्हॅलेन्सिएन्स यांनी १८४६ साली मुंबईच्या नमुन्यावरून केले.

ओळख :
वर वळलेले तोंड या सर्व माशांत आढळते. त्यावरून भेद करता येत नाही. पुढील लक्षणे उपयुक्त ठरतात.
१) पॅनचॅक्स : डोके वरून चपटे व त्यावर चमकदार पांढरा ठिपका. गुदपर लांब बुडाचा, पृष्ठपर लहान व शेपटीजवळ. पट्टेदार जातीत अंगावर सोनेरी-हिरव्या ठिपक्यांच्या ओळी व उभे गडद पट्टे. निळ्या जातीत पृष्ठपराच्या बुडाशी काळा डाग.
२) गॅम्बुशिया : राखाडी रंग, गुदपर आखूड, पृष्ठपर व पुच्छपरावर बारीक काळ्या ठिपक्यांच्या ओळी.
३) गप्पी : नर लहान व रंगीबेरंगी, मादी फिकट, परांवर ठिपके नसलेली.
गप्पी व गॅम्बुशियाच्या नरात गुदपर काडीसारखा झालेला असतो व माद्या जिवंत पिले देतात. तथापि हे एकच लक्षण निर्णायक मानू नये. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९४० साली मुंबई परिसरातून वर्णिलेल्या होराइक्थिस सेतनाय या किनारी देशी माशाच्या नरातही असा बदललेला गुदपर असतो. परंतु त्याची मादी अंडी घालते.

संगोपन :
महाविद्यालयीन प्रयोगशाळेत सावलीतील सिमेंटचा हौद वा काचेची टाकी पुरेशी होते. पॅनचॅक्स उडी मारत असल्याने जाळीचे झाकण अनिवार्य आहे. नळाचे पाणी क्लोरीन निघून जाण्यासाठी एक दिवस उघडे ठेवून वापरावे. पॅनचॅक्स पाणवनस्पतींना अंडी चिकटवतो. साधारण दोन आठवड्यांत पिले बाहेर येतात. प्रौढ मासे पिले खातात, म्हणून अंडी असलेल्या वनस्पती वेगळ्या भांड्यात ठेवाव्यात. प्रत्येक जातीची टाकी व जाळे स्वतंत्र असावे.

निष्कर्ष :
मासे हौद, विहिरी व बारवांत उपयुक्त ठरतात. दर आठवड्यास रिकाम्या होणाऱ्या भांड्यांसाठी ‘कोरडा दिवस’ हाच योग्य उपाय होय. टाकीतील विदेशी मासे नदी, ओढा वा तलावात कदापि सोडू नयेत. प्राणिशास्त्र विभागांनी स्थानिक जलसाठ्यांतील नमुन्यांची ओळख निश्चित करून मगच संवर्धन हाती घेतल्यास आरोग्यरक्षण व जैवविविधता या दोहोंचे हित साधेल.