आवाजामागचे यंत्र (भाग ७) : तापताना अँप का घुमतो?

गिटारवादक ट्यूब अँपचे बटण दाबतो. तांबडा दिवा लागतो, पण आवाज काही येत नाही. तार छेडली तरी स्पीकर मुकाच. दहा-बारा सेकंद अशीच जातात. मग खोलवरून एक 'हूंऽऽ' सुरू होते, चढत जाते, क्षणभर खोली भरून टाकते आणि बघता बघता ओसरते. त्यानंतर अँप शांत. पहिल्यांदाच ट्यूब अँप घेतलेल्या माणसाच्या पोटात एवढ्या वेळात गोळा येतो. दुकानदाराला फोन लावण्याआधी त्याने घड्याळाकडे पाहावे, कारण या आवाजाचा सारा उलगडा वेळेत आहे.

गेल्या भागात ट्यूबचे पोट उघडून पाहिले होते. तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, प्लेट ते ओढून घेते आणि मधली जाळी, म्हणजे ग्रिड, त्या प्रवाहाला आवर घालते. कॅथोड म्हणजे बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप दिलेली धातूची बारीक नळी. तिच्या आतला हीटर सहसा ६.३ व्होल्टवर चालतो आणि तिला ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास नेतो. तोवर ट्यूब म्हणजे नुसती काचेची बाटली. ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्यूबचाच, रेडिओ होता, त्यांना हे सांगायला नको. सकाळच्या बातम्या हव्या असतील तर रेडिओ जरा आधी लावून ठेवावा लागे, आणि उतावळ्या पोरांना "तापू दे जरा" हे ऐकावे लागे.

पण घुमण्याचा हा सूर येतो कुठून? आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे झुलते. अँपला मात्र एका दिशेने वाहणारी वीज लागते. रेक्टिफायर उलटी झुळूक सुलटी करतो, त्यामुळे ५० झुलण्यांच्या १०० लाटा होतात. कंडेन्सर त्या लाटा सपाट करतात. अगदी सपाट नव्हे, थोडी लहर उरतेच. सेकंदाला १०० कंपने म्हणजे पेटीवरच्या खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वरचा सूर. अमेरिकेत वीज ६० वेळा झुलते, म्हणून तिथले अँप १२० वर घुमतात. तो सूर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या जवळजवळ मधोमध पडतो, कुठल्याच पट्टीत न बसणारा.

ही लहर तर अँप चालू असेपर्यंत असते. मग ती एरवी ऐकू का येत नाही?

फेंडर कंपनीचा १९६३ साली आलेला डिलक्स रिव्हर्ब घ्या. त्याच्या शेवटच्या टप्प्यात ६व्ही६ जातीच्या दोन पॉवर ट्यूब जोडीने काम करतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याला मधोमध वीज मिळते आणि दोन टोकांना दोन ट्यूब तिला विरुद्ध दिशांना खेचतात. गिटारचा सिग्नल दोघींकडे उलटसुलट पोचतो, म्हणून त्यांचा जोर एकमेकींत मिळतो. विजेतली लहर मात्र दोघींकडे सारखीच जाते. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंनी सारखाच जोर लागला की दोर जागचा हलत नाही, तशी ती लहर ट्रान्सफॉर्मरमध्येच मिटते. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये दोन वेटोळ्यांचा हंबकर पिकअप तयार केला, त्यातही घुमणे मारण्याचा हिशेब हाच.

आता या दोघी एकाच क्षणी तापल्या तर प्रश्नच नव्हता. पण कॅथोडच्या लेपाची जाडी, हीटरची वळणे यांत केसाएवढा फरक असतोच. एक ट्यूब दोन सेकंद आधी जागी होते आणि एकटीच दोर खेचू लागते. समोर कोणी नसते, म्हणून लहर थेट स्पीकरमध्ये उतरते. दुसरी जागी झाली की दोर पुन्हा मधोमध येतो आणि 'हूं' विरते.

डिलक्स रिव्हर्बमध्ये आणखी एक राखणदार आहे. स्पीकरकडे निघालेल्या आवाजाचा थोडा अंश मागच्या फेज इन्व्हर्टरकडे, म्हणजे सिग्नल उलटसुलट करून देणाऱ्या ट्यूबकडे, परत आणून त्यातली नको ती भर वजा केली जाते. ती ट्यूबच थंड असेल तर वजाबाकी कोण करणार? पॉवर ट्यूब आधी तापल्या आणि ही मागे राहिली, तरी घुमणे वाढते.

याची परीक्षा घरच्या घरी घेता येते. प्लेटची वीज थोपवून धरणारे स्टँडबाय बटण असलेल्या अँपमध्ये आधी फक्त पॉवरचे बटण दाबून मिनिटभर थांबावे आणि मग स्टँडबाय सोडावे. हीटर सगळ्यांचे तापलेले असतात, त्यामुळे चढती-उतरती 'हूं' बहुधा ऐकूच येत नाही. फेंडरच्याच छोट्या चँपमध्ये गोष्ट वेगळी. त्यात पॉवर ट्यूब एकच, समोरून ओढणारे कोणी नाही. त्यामुळे तापून झाल्यावरही बारीक घुमणे मागे राहते. ते बिघाडाचे लक्षण नव्हे, त्या रचनेचा तो स्वभाव आहे.

पहिल्या दोन-तीन सेकंदांतच गुरगुर आली तर? तेव्हा ट्यूब थंड असतात, त्यांचा दोष असूच शकत नाही. ती स्पीकरमधून नव्हे, अँपच्या खोक्यातूनच येत असेल तर वीज ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांची थरथर समजावी. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही ती कमी होत नाही. काही ट्यूबचा हीटर त्याच वेळी क्षणभर लख्ख चमकतो. थंड तारेचा रोध कमी, म्हणून प्रवाह जास्त. घाबरण्यासारखे त्यात काही नाही.

घड्याळाने मिनिट ओलांडले आणि घुमणे कायम असेल, तेव्हा मात्र कारण शोधावे. व्हॉल्यूम शून्यावर असूनही १०० चा सूर दणकट येत असेल तर संशय जुन्या कंडेन्सरवर किंवा जोडी बिघडलेल्या पॉवर ट्यूबवर. वर्षानुवर्षे माळ्यावर पडलेला अँप पाच-दहा मिनिटे घुमून हळूहळू शांत होतो, ते वेगळे प्रकरण. कंडेन्सरच्या आतला ऑक्साइडचा पापुद्रा न वापरल्याने झिजलेला असतो आणि वीज मिळाल्यावर पुन्हा धरू लागतो. जाणते मेकॅनिक अशा अँपला एकदम पूर्ण दाब देत नाहीत, डिमरस्टॅट लावून तो सावकाश चढवतात. ट्यूबची प्लेट लाल दिसली तर मात्र क्षणाचाही विचार न करता अँप बंद करावा.

घुमणे जावे म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारेही आहेत. कधी कधी आवाज खरोखर जातो, आणि धोका इथेच आहे. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी शहरात 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वी याने रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लावला आणि विजेच्या धक्क्याने तो तिथेच कोसळला. तो वाचला नाही. डिलक्स रिव्हर्बच्या प्लेटवर चारशेहून अधिक व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सर तो दाब धरून राहू शकतात. म्हणून वाचकांना एवढीच विनंती : तिसरी पिन जागेवर राहू द्या, आणि मागची फळी उघडायची वेळ आली तर अँप जाणत्या मेकॅनिककडे न्या.