दोन मिलिमीटरांत दुप्पट

फुप्फुसात ८ मिलिमीटर व्यासाची गोल गाठ आहे. पुढच्या स्कॅनमध्ये ती १० मिलिमीटरची दिसते. वाढ जेमतेम दोन मिलिमीटर. मोजण्यातली चूक म्हणून सोडून द्यावी इतकी. आता घनफळ काढा: २६८ घन मिलिमीटरवरून थेट ५२४. गाठ जवळजवळ दुप्पट झाली!

हे घनफळ संगणक काढतो कसं? सीटी स्कॅन आपल्याला काळापांढरा फोटो दिसतो. संगणकासाठी मात्र ते शरीराचे पाडलेले बारीक ठोकळे असतात, प्रत्येकावर एक आकडा. सीटीचे जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या नावाच्या मोजपट्टीवर पाणी शून्य आणि हवा उणे १०००. हवेने भरलेलं फुप्फुस उणे ८००च्या आसपास, तर भरीव गाठ साधारण शून्याच्या थोडी वर. गाठीतल्या एका ठोकळ्यापासून सुरुवात करायची, शेजारचा तसाच असेल तर तोही घ्यायचा, मग त्याचा शेजारी. हवा लागली की थांबायचं. जमलेले ठोकळे मोजले की झालं.

पण गाठीला रक्तवाहिनी चिकटलेली असली, की पंचाईत! तिचाही आकडा गाठीसारखाच, त्यामुळे संगणक ठोकळे गोळा करत वाहिनीत शिरतो आणि पुढे जातच राहतो. त्यावरची युक्ती झकास आहे. जमलेल्या आकाराची साल सगळीकडून सोलायची. बारीक वाहिनी सोलता सोलता संपते, जाड गाठ उरते. मग गाठीवर तेवढीच साल परत चढवायची.

बरं, मुळात गाठ कुठली हे तरी माणसांना नक्की कळतं का? अमेरिकेतल्या एलआयडीसी-आयडीआरआय संग्रहातले १०१८ स्कॅन चार-चार रेडिओलॉजिस्टनी तपासले. किमान एकाने तरी ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ म्हणून खूण केलेल्या जागा २६६९. चौघांचं एकमत झालं फक्त ९२८ जागांवर.

म्हणूनच गाठ केवढी आहे याइतकंच ती किती दिवसांत दुप्पट होते हेही पाहतात. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या नेल्सन चाचणीत धूम्रपान करणाऱ्यांच्या आणि ते सोडलेल्यांच्या गाठी अशाच जोखल्या. ४०० दिवसांच्या आत दुप्पट झाली तर पुढच्या तपासण्या. ६००हून जास्त लागले तर घाई नाही. २०२०मध्ये निष्कर्ष आले: स्कॅन न केलेल्यांच्या तुलनेत तपासणी गटातल्या पुरुषांत दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २४ टक्क्यांनी कमी.

आणि गंमत पाहा, थोड्याच दिवसांत दुप्पट झालेली गाठ बहुतेकदा कर्करोगाची नसतेच. इतक्या झपाट्याने वाढते ती सहसा जंतुसंसर्गाची सूज.