स्विच तुटतो, करंट अडून बसतो

आकुर्डीच्या बजाज ऑटोने 2019 मध्ये चेतक विजेवर आणली. महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई चाकणला बनतात. पिस्टन-गिअरवर वाढलेल्या या पट्ट्याला आता मोटार-कंट्रोलरच्या पीसीबीतली एक खोड ओळखून घ्यावी लागते: रिंगिंग.

बॅटरीचा करंट मोटारीला हवा तसा कापून देण्यासाठी मॉस्फेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. नळ झटकन बंद केला की पाइप दणका देतो, तसाच करंटही एकदम तोडला की उसळतो. कारण तांब्याच्या साध्या ट्रॅकलाही इंडक्टन्स असतो, सेंटिमीटरला ढोबळमानाने 10 नॅनोहेन्री. दोन सेंटिमीटरच्या वाटेतला 100 अँपिअर करंट 20 नॅनोसेकंदांत तोडला, तर 100 व्होल्टचा स्पाइक उठतो. बॅटरी 50 व्होल्टची, पण मॉस्फेटवर 150! पुढे हा इंडक्टन्स मॉस्फेटच्या कपॅसिटन्सशी झोके घेत राहतो. हा कपॅसिटन्स 1 नॅनोफॅरड धरला, तर झोके सुमारे 36 मेगाहर्ट्झचे. हेच रिंगिंग.

हे झोके तारांवाटे आणि हवेतून बाहेर पडतात. वाहनांच्या अशा विद्युतचुंबकीय उपद्रवासाठी एआयएस-004 (भाग 3) हे मानक आहे, आणि 1966 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत त्याची चाचणी होते.

उपाय म्हणून पहिला हात जातो गेट रेझिस्टरकडे. तो वाढवला की स्विच मंद होतो, रिंगिंग निवते. पण मॉस्फेट तापतो. खरं दुखणं लेआउटमध्ये असतं. सिरॅमिक कपॅसिटर मॉस्फेटला अगदी खेटून लावला आणि जाणारं-येणारं तांबं एकमेकांवर आणलं, तर करंटचा वेढा आवळतो. 20 नॅनोहेन्रीचे 5 झाले की तोच स्पाइक 25 व्होल्टवर येतो, तोही वेग न घटवता.

उरलेल्या रिंगिंगला स्नबर, म्हणजे कपॅसिटर-रेझिस्टरची जोडी. मॉस्फेटला समांतर कपॅसिटर वाढवत न्यायचा. झोक्यांची गती निम्मी झाली की जोडलेला कपॅसिटर मूळच्या तिप्पट आहे असं समजायचं. म्हणजे इथे 3 नॅनोफॅरड, आणि इंडक्टन्स मूळचा 20 नॅनोहेन्रीच धरला, तर त्याच्यासोबत साधारण साडेचार ओहमचा रेझिस्टर. 50 व्होल्ट आणि 16 किलोहर्ट्झला तो जेमतेम 0.12 वॉट खातो. 400 व्होल्टला हाच स्नबर साडेसात वॉटच्या वर जातो, म्हणून मोठ्या गाड्यांत तो जपून वापरावा लागतो.

मोजतानाही फसगत होते. प्रोबची लांब क्रोकोडाइल क्लिप स्वतःच झोके घेते, आणि स्कोपवर दिसणारं रिंगिंग थोडंबहुत तिचंच असतं. क्लिप काढून टोकाशी छोटी स्प्रिंग लावली की चित्र बरंच निवळतं.

रिंगिंगखेरीज करंटच्या लहरीत विकृतीही असते; तिचा उगम मात्र वेगळा. वरचा आणि खालचा मॉस्फेट एकाच वेळी चालू राहू नयेत म्हणून मध्ये दोन्ही बंद असण्याचा क्षण, म्हणजे डेड टाइम, ठेवतात. त्याने करंटच्या लहरीत पाचवी आणि सातवी हार्मोनिक शिरते, आणि कमी वेगात मोटार हलकेच गचके देते. सॉफ्टवेअर ही चूक भरून काढतं, पण त्यासाठी करंटची दिशा कळावी लागते. करंट शून्याजवळ असताना रिंगिंगमुळे नेमकी तीच चुकते. म्हणून बरेच कंट्रोलर स्विचिंगच्या दोन क्षणांच्या मधोमध, झोके विरल्यावर, करंट मोजतात.