स्वस्त कॉलम, महाग धागा

आनुवंशिकतेची अक्षरे चारच: ए, सी, जी आणि टी. डॉ. हरगोविंद खुराना यांच्या गटाने १९७० साली ७७ जोड्यांचे जनुक रासायनिक रीतीने बांधल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यामागे अनेकांचे कित्येक वर्षांचे श्रम होते. १९८१ मध्ये मार्विन करुथर्स यांची फॉस्फोरॅमिडाइट पद्धत पुढे आली. आता वीस अक्षरांचा धागा यंत्र काही तासांत जोडते. हिमायतनगरातले माझे विज्ञानशाखेचे मित्र विचारतात, मग खर्च नेमका कशाचा आणि कॉलम कोणता घ्यावा?

कॉलम म्हणजे सच्छिद्र काचेची बारीक पूड भरलेली लहानशी नळी. पहिले अक्षर काचेला चिकटलेले असते. त्यावर एकेक अक्षर चढत जाते. छिद्रे ५०० अँगस्ट्रॉमची असली तर साधारण पन्नास अक्षरांपर्यंत धागा नीट वाढतो. त्याहून लांब धाग्याची छिद्रात दाटी होते, म्हणून १००० अँगस्ट्रॉमची काच घ्यावी लागते.

खरी मेख जोडणीच्या टक्क्यात आहे. प्रत्येक जोडणी ९९ टक्के साधली, तर वीस अक्षरांचे सुमारे ८३ टक्के धागे पुरे होतात. शंभर अक्षरांचे मात्र ३७ टक्केच. जोडणी ९८ टक्क्यांवर आली, तर शंभरांपैकी जेमतेम १३-१४ उरतात. हा एक टक्का बहुधा पाणी खाते. आषाढ-श्रावणात आपल्याकडे बरणीतले मीठसुद्धा ओलसर होते. ही रसायने तर मिठाहून नाजूक. तेव्हा कोरड्या द्रावकावर केलेला खर्च वायफळ नव्हे.

आता मापाचा विचार करू. पी.सी.आर.च्या एका नळीला समजा २० पिकोमोल धागा लागतो. ४० नॅनोमोल म्हणजे ४०,००० पिकोमोल. निम्मा वाया गेला तरी हजार नळ्यांची सोय झाली. मग एक मायक्रोमोलचा, म्हणजे पंचवीसपट मोठा कॉलम कशाला? मोठ्या कॉलमला रसायनेही जास्त लागतात.

आज पुष्कळ प्रयोगशाळा तयार धागेच मागवतात. दर बहुधा अक्षरावर ठरतो, पण मागणीपत्रात मापाचा रकाना असतोच. माझे सांगणे एवढेच की आधी लांबी ठरवावी, मग गरज मोजावी आणि किंमत शेवटी पाहावी. कॉलमच्या किमतीला हाती आलेल्या पुऱ्या धाग्यांनी भागावे; स्वस्त काय आणि महाग काय, ते तो भागाकारच सांगतो. प्रकल्पाचे पैसे मोजके असतात, म्हणून हे गणित आधी वहीत करावे.