मनुहार आणि मोजका घास

जयपूरच्या दक्षिणेस वसलेले सांगानेर ठशांच्या छपाईसाठी आणि हातकागदासाठी विख्यात आहे. येथील अनेक छिपा कुटुंबे संत नामदेवांना आपले मानतात. त्यामुळे मराठी माणसास हे गाव परके वाटत नाही. पाहुण्यास आग्रहाने वाढण्याच्या रीतीस या प्रदेशात ‘मनुहार’ म्हणतात. दाल-बाटी-चुरम्यावर तुपाची धार पडते, तीजेच्या सणाला पाकात भिजलेला घेवर येतो. परंतु घरातील कोणी स्थूलतेवरील शस्त्रक्रिया करून परतले असेल, तर हाच प्रेमळ आग्रह अपायकारक ठरतो.

‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेनंतर जठराची क्षमता सुमारे १०० ते १५० मिलिलिटर उरते. ‘बायपास’मध्ये जठराचा कप्पा सुमारे ३० मिलिलिटरचाच असतो. म्हणून आहार पायरीपायरीने वाढवावा लागतो: प्रथम पातळ पेये, मग घोटलेले अन्न, त्यानंतर मऊ पदार्थ. नेहमीचे जेवण साधारणतः सहा ते आठ आठवड्यांनी, तेही डॉक्टरांच्या संमतीनेच.

जागा अल्प असल्याने प्रत्येक घासाचा हिशेब ठेवावा. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यात सुमारे ६, तर १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. मुगाची घोटलेली डाळ आणि दही हेही उपयुक्त. राजस्थानची ‘राबडी’ म्हणजे आपल्याकडील गोड रबडी नव्हे. ताकात शिजविलेली ती बाजरीच्या पिठाची पेज मऊ आहाराच्या टप्प्यात चालू शकते. घेवर-चुरमा मात्र दूरच ठेवावा. विशेषतः बायपासनंतर साखर वेगाने आतड्यात उतरते आणि धडधड, घाम, जुलाब सुरू होतात.

उन्हाळ्यात येथील पारा ४० अंशांपलीकडे जातो. तहान लागली तरी घटाघटा पाणी पिता येत नाही. दिवसाला दीड लिटर, म्हणजे जागेपणीच्या पंधरा तासांत ताशी १०० मिलिलिटर, घोटाघोटाने प्यावे. जेवताना व त्यानंतर अर्धा तास पाणी टाळावे. सोडायुक्त पेये आणि मद्य वर्ज्यच. लोह, कॅल्शियम, बी-१२ व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. उलट्या थांबत नसतील, तर बी-१ जीवनसत्त्वाच्या अभावी मज्जातंतूंना इजा होऊ शकते. अशा वेळी डॉक्टरांना तातडीने गाठावे.

शल्यचिकित्सक आपले काम काही तासांत संपवितो. पुढील जबाबदारी स्वयंपाकघरावर येते. लहान वाटीत मोजके वाढून ‘पुरे’ म्हणताच हात आवरणे, हीच अशा घरातील खरी मनुहार होय.