बाटलीवरचे नाव

गेल्या वर्षी एका लग्नात जेवणे आटोपल्यावर आम्ही चार-सहा समवयस्क मंडळी मांडवाच्या कडेला बसलो होतो. कोणीतरी थंड्याच्या बाटल्या आणून दिल्या. एकाने घोट घेतला आणि म्हटले, "गोल्ड स्पॉटची सर याला नाही!" झाले. मग सिट्रा, डबल सेव्हन, ड्यूक्सचा मँगोला, अर्देशीरची रासबेरी अशी नावे निघू लागली, आणि त्यांच्या पाठोपाठ बिनाका गीतमाला, एकपडदा थिएटरे, तेथली मध्यंतरे. अर्धा तास घरी जाण्याची गोष्ट कोणी काढीना. आम्हीही त्यात होतो, हे कबूल करतो. पण आमची शाळा नववीत सुटली, पुढचे सारे शिक्षण कारखान्यांच्या दारात झाले. त्यामुळे कोणत्याही मालाचे नाव कानांवर पडले की हा माल केला कोणी आणि हे नाव कोणाच्या मालकीचे, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही हाच दिला. काहींना तो पोरकट वाटला असेल. असो.

आरंभी हा धंदा गावोगावचा होता. पुण्याच्या लष्करात अर्देशीर यांचा कारखाना १८८४ सालचा. तो भाग आजही शरबतवाला चौक म्हणून ओळखला जातो. मुंबईत दिनशाजी पांडोळे या पारशी गृहस्थांनी १८८९ मध्ये ड्यूक अँड सन्स काढली. ते स्वतः क्रिकेट खेळणारे, आणि ड्यूक हे नाव त्यांनी विलायती क्रिकेटच्या चेंडूवरून घेतले असे सांगतात. गल्लीबोळांत मात्र गोटीसोडा चाले. ती गोटीची बाटली लंडनच्या हायरम कॉड यांची. तिचे पेटंट १८७२ सालचे. बाटली उलटी धरून भरावयाची. सुलटी करताना आतला वायू काचेची गोटी तोंडाच्या रबरी कड्यावर असा दाबून धरतो की बुचाची गरजच नाही. अंगठ्याने गोटी खाली दाबली की जो आवाज निघे, तीच त्याची जाहिरात. त्या सोड्याला बहुधा नाव नसे. गिऱ्हाईक मालकाला ओळखी, मालक गिऱ्हाइकाला.

विलेपार्ल्यात १९२९ साली चौहान घराण्याने गोळ्यांचा कारखाना काढला. पुढे त्याच घराण्यातून पार्लेचा थंड पेयांचा धंदा उभा राहिला आणि गोल्ड स्पॉट हे नारंगी पेय निघाले. या नावाकडे जरा लक्ष द्यावे. त्यात गाव नाही, मालक नाही, फळही नाही. सोनेरी ठिपका म्हणजे काय, हे आम्हाला लहानपणी कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

कोका-कोला या देशात १९५० साली आले आणि १९७७ साली गेले. "जॉर्ज फर्नांडिस यांनी कोका-कोलाला हाकलले" असे आमच्या चळवळीतली मंडळी मोठ्या अभिमानाने सांगतात. जॉर्ज मुळात मुंबईच्या कामगारांचे पुढारी आणि १९७४ च्या रेल्वे संपाचे नेते, तेव्हा अभिमान वाटणे साहजिक आहे. पण गोष्ट अर्धीच खरी. परकीय चलनाचा कायदा १९७३ चा, म्हणजे इंदिरा गांधींच्या राजवटीतला. त्याप्रमाणे परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा साधारणपणे शेकडा ४० वर आणावयाचा होता. जनता सरकारात उद्योगमंत्री झालेल्या जॉर्जनी तो आग्रहाने लागू केला, आणि पेयाची कृतीही भारतीय कंपनीच्या हाती यावी असे म्हटले. कंपनीने कृती देण्यापेक्षा देश सोडणे पसंत केले.

मोकळ्या जागेत तीन नावे धावली. सरकारच्या मॉडर्न बेकरीजने म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेच्या कृतीवरून डबल सेव्हन काढले. नाव त्या सालावरून. सरकारला पाव विकता आला, कोला काही विकता आला नाही. (पुढे २००० साली ती पावाची कंपनीही विकली गेली, तो प्रसंग आमच्या संघटनांच्या चांगला लक्षात आहे.) पार्लेने इंग्रजीतले एक अक्षर गाळून थम्स अप आणले. आणि तोवर जे प्युअर ड्रिंक्सवाले कोका-कोलाच भरीत होते, त्यांनी कॅम्पा कोला काढला.

आता ही नावे मनात एवढी का रुतली? आमच्या मते गोडीपेक्षा काचेचा त्यात वाटा मोठा आहे. बाटली दुकानदाराची, आपले तेवढे आतले पेय. बाटली घरी न्यावयाची तर डिपॉझिट ठेवा. ते कोण ठेवणार? म्हणून दुकानाच्या फळीशी उभे राहून, सोबतच्या माणसाशी बोलत, बाटली रिकामी करून परत देईपर्यंत तेथेच थांबावे लागे. एका बाटलीत दोन नळ्या घालून दोघे भाऊ पीत. बुचाच्या आतली चित्रे मुले जमवीत. प्लास्टिकची बाटली आल्यावर माणूस चालता चालता पिऊ लागला आणि ते उभे राहणे गेले. शिवाय आमच्यासारख्यांच्या घरी थंडा वर्षातून दोन-चार वेळा, लग्नामुंजीत किंवा सिनेमाच्या मध्यंतरात. जे क्वचित मिळते ते आठवते.

गाण्याचेही तसेच. रेडिओ सिलोनवर १९५२ साली अमीन सायानी यांची गीतमाला सुरू झाली. त्या सुमारास आकाशवाणीने सिनेसंगीताला दार लावून घेतले होते, म्हणून लोकांनी सिलोन गाठले. बिनाका हे दात घासण्याच्या पेस्टचे नाव. पुढे पेस्टचे नाव सिबाका झाले, कार्यक्रमाचेही बदलले. पण आमच्या तोंडी बिनाका ते बिनाकाच. कंपनीने सोडलेले नाव लोकांनी असे सांभाळले.

आता कारखान्यात चला. परत आलेली बाटली कशी असे? तिच्यात विडीची थोटके, मोडक्या नळ्या, कधी रंग, कधी रॉकेल. तिला कढत कॉस्टिक सोड्यात भिजवून, घासून, पाण्याचे फवारे मारून काढीत. मग मागून दिवा लावलेल्या पांढऱ्या काचेसमोरून बाटल्यांची रांग सरके आणि तेथे बसलेला माणूस डोळ्यांनी एकेक बाटली तपाशी. त्याच्या डोळ्यांना पाणी येई. म्हणून थोड्या थोड्या वेळाने माणूस बदलावा लागे, निदान बदलावा असा नियम होता. पुढे पाक, मग गार पाण्यात मुरवलेला वायू (पाणी जितके गार तितका वायू अधिक मुरतो), मग पत्र्याचे बूच. कच्ची बाटली दाबाने फुटे. हातांवर व्रण नसलेला जुना कामगार आम्ही पाहिला नाही.

हे काम उन्हाळ्याचे. फेब्रुवारीत भरती, पावसाला सुरुवात झाली की रजा. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस भरले तर वर्षाची सलग नोकरी धरीत आणि कामावरून काढताना भरपाई मागता येई. हंगामी माणसाचे दिवस भरत नसत, आणि भरत आले की ठेकेदार बदले.

अशा एका कारखान्यातल्या एकतीस जणांचे प्रकरण आमच्या संघटनेने नव्वदीच्या दशकात चालवले. कारखान्याचे नाव सांगत नाही. त्यांतले एक गृहस्थ त्या उजेडाच्या काचेसमोर एकोणीस उन्हाळे बसले होते. कामगार न्यायालयात विचारले, "तुमचे मालक कोण?" त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता पेयाचे नाव सांगितले. समोरचे वकील हसले. नाव अंगावरच्या शर्टावर होते, गाडीवर होते, फाटकावर होते. पगार मात्र एकामागून एक आलेल्या तीन ठेकेदारांनी दिलेला. कंपनी म्हणे माणसे ठेकेदाराची. ठेकेदार हजर होईना. चार वर्षांनी तडजोड झाली. अकरा जणांना थोडी रक्कम मिळाली, कारण त्यांनी हजेरीची कार्डे जपून ठेवली होती. या गृहस्थांनी शर्ट जपला होता. कार्डे ठेवा, हे आम्हीच सर्वांना वेळेवर सांगावयास हवे होते. तो दोष आमचा.

त्याच दशकात नावांचा मोठा सौदा झाला. परदेशी नाव मालाला लावण्यास बंधन होते म्हणून पेप्सी १९९० मध्ये लेहर पेप्सी होऊन आली. १९९३ साली कोका-कोला आग्र्याहून परतले, आणि त्याच वर्षी पार्लेने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा, माझा ही नावे त्यांना विकली. रक्कम सुमारे ६ कोटी डॉलर सांगितली गेली. बाटल्या भरणारे कारखाने बहुतेक परवानेदारांचे होते. म्हणजे विकली गेली ती मुख्यतः आमची-तुमची सवय. ड्यूक्स पुढच्याच वर्षी पेप्सीकडे गेले.

यातली कायद्याची खुबी अशी. पेटंट वीस वर्षांत संपते. व्यापारचिन्ह दर दहा वर्षांनी नूतनीकरण केले की पिढ्यान् पिढ्या चालते. नाव विकत घेतले म्हणजे ते वापरलेच पाहिजे असेही नाही. घेणाऱ्याजवळ नारंगी पेय म्हणून फँटा होता, तेव्हा गोल्ड स्पॉट बंद पडले. लोकांना आवडेनासे झाले म्हणून नव्हे. थम्स अपचीही तीच गत व्हावयाची, पण गिऱ्हाईक हटले नाही. २०२१ साली त्याची भारतातली विक्री १०० कोटी डॉलरवर गेल्याचे कंपनीने जाहीर केले. कॅम्पाचे नाव तर वरळीच्या एका वसाहतीला चिकटून राहिले. प्युअर ड्रिंक्सला पट्ट्याने मिळालेल्या जमिनीवर त्या इमारती उठल्या, आणि २०१३-१४ मध्ये त्यांतले बेकायदा मजले पाडण्याच्या वादात ज्या पोरांनी तो कोला कधी चाखला नाही त्यांनाही नाव पाठ झाले. २०२२ साली रिलायन्सने ते सुमारे २२ कोटी रुपयांना घेतले आणि पुढच्या वर्षी पेय पुन्हा बाजारात आणले.

"मग गोल्ड स्पॉट परत येईल काय?" असे परवा एका गृहस्थांनी विचारले. ते चिन्ह ज्याच्या हाती त्याच्या हिशेबात बसले तर येईल. सलग पाच वर्षे न वापरलेले चिन्ह नोंदीतून काढावे असा अर्ज करता येतो, हे खरे. पण त्यालाही वकील लागतो आणि पैसा लागतो. आपल्या आठवणीला तेथे पक्षकार म्हणून उभे राहता येत नाही.

ते एकोणीस उन्हाळेवाले गृहस्थ आज सत्तरीत आहेत. या दिवाळीत भेटावयास गेलो तेव्हा त्यांनी ट्रंकेतला शर्ट काढून दाखवला. रंग गेला आहे, छातीवरची अक्षरे शाबूत आहेत. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या नातीला ती फार आवडली. आजोबा, असे जुन्या नावांचे शर्ट हल्ली दुकानात महाग मिळतात, हा मी घालू का, असे ती विचारीत होती.