गाडलेली वायर आणि हलते मशीन

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही जुन्या गाळ्याच्या भिंती नीट पाहिल्या, तर तिथे आजवर कोणकोणते धंदे होऊन गेले हे न विचारता कळते. एका कोपऱ्यात छाटून टाकलेला थ्री-फेजचा जाड पाइप, म्हणजे कधी काळी तिथे लेथ किंवा पॉवर प्रेस असणार. कमरेच्या उंचीवर सिमेंटने बुजवलेली झिरी दिसते, तिथे नंतर पॅकिंगची टेबले लागली असतील. वर फॉल्स सीलिंगच्या आड गुंडाळून ठेवलेल्या वायरी असतात. त्यांतली कुठली चालू आणि कुठली मेलेली, हे आता कुणालाच सांगता येत नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसी) स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी एक. त्या काळी कारखाना उभारणारा माणूस पुढच्या पिढीचा विचार करून मशीन पायात बसवत असे. आज त्याच वसाहतीत आयटी पार्क, कॉल सेंटर, डिझाइन स्टुडिओ, छोटी असेंब्ली युनिट्स दाटीवाटीने नांदतात. डोंबिवली एमआयडीसीच्या दोन्ही फेजमध्येही मालकाने स्वतः चालवलेल्या युनिटशेजारी भाड्याने दिलेले गाळे आहेत. लिव्ह अँड लायसन्सचा करार काही वर्षांचा असतो आणि करार संपला की मांडणी बदलते. वायरिंग मात्र आपण अजूनही जन्माचे असल्यासारखे भिंतीत गाडतो.

या विसंगतीची किंमत रोज मोजली जाते आणि ती नेहमी एकाच रूपात दिसते: एक्स्टेंशन बोर्ड. आराखडा काढताना सॉकेट जिथे ठरवला तिथे आता कपाट आले आहे, मशीन दहा फूट सरकले आहे, चार टेबलांच्या जागी सात झाली आहेत. भिंत पुन्हा फोडायला ना मालक तयार, ना भाडेकरू. मग एका बोर्डात दुसरा, दुसऱ्यात तिसरा अशी साखळी जमिनीवरून, सतरंजीखालून, दाराच्या फटीतून निघते. सोळा अँपिअरच्या सॉकेटमधून निघालेला भार एक चौरस मिलिमीटरच्या पातळ वायरीवर येऊन पडतो. कारखान्यात हेच काम टेप गुंडाळलेला जॉइंट करतो. माझे म्हणणे एवढेच आहे: ज्या जागेचा वापर बदलणारच आहे, तिथले कायमचे वायरिंग माणसाला धोकादायक तात्पुरत्या जोडण्या करायला भाग पाडते, म्हणून अशा जागी काढता-घालता येणारी, पण त्याच कामासाठी घडवलेली जोडणी अधिक सुरक्षित ठरते. आपल्याकडे समज याच्या उलट आहे. ‘पक्के’ म्हणजे गाडलेले आणि ‘सुटे’ म्हणजे कच्चे, हा तो समज.

आधी अशी काढता-घालता येणारी जोडणी काय असते ते पाहू. कारखान्यात तिचे मोठे भावंड म्हणजे बसबार ट्रंकिंग. छताखालून पत्र्याची लांब बंद पेटी जाते. तिच्यात तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्या एकमेकींपासून ठरावीक अंतरावर बसवलेल्या असतात आणि पेटीला थोड्या थोड्या अंतरावर झाकण असलेल्या खिडक्या असतात. मशीन जिथे ठेवायचे तिथली खिडकी उघडायची आणि टॅप-ऑफ बॉक्स तिच्यात बसवायचा. त्याच्या स्प्रिंगदार पकडी आतल्या पट्ट्यांना धरतात. त्या बॉक्समध्येच एमसीबी (प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की तो तोडणारा स्विच) किंवा फ्यूज असतो आणि तिथून मशीनला केबल खाली उतरते. ऑफिसात हेच तत्त्व लहान मापात येते. जमिनीखालच्या, भिंतीवरच्या किंवा फॉल्स सीलिंगमधल्या डक्टमधून तयार लांबीच्या केबली जातात. त्यांच्या दोन्ही टोकांना कनेक्टर कारखान्यातूनच बसवून आलेले असतात, जागेवर वायर सोलायची गरज पडत नाही. एकात एक घातले की खटका बसतो. अशा जोडण्यांसाठी आयईसी ६१५३५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते ५०० व्होल्ट आणि ३२ अँपिअरपर्यंतच्या कनेक्टरांना लागू होते. बसबार ट्रंकिंगसाठी भारतातही आयएस/आयईसी ६१४३९ मालिकेचा सहावा भाग आहे.

ही कल्पना मोटारगाड्यांच्या धंद्याच्या गरजेतून आली. वाफेच्या काळात कारखान्याच्या छताखाली एक लांब शाफ्ट फिरत असे आणि त्यावरून पट्ट्याने प्रत्येक मशीन चाले. त्यामुळे मशीन कुठे उभे राहणार हे शाफ्ट ठरवत असे. प्रत्येक मशीनला स्वतःची विजेची मोटार मिळाली तेव्हा ही गुलामगिरी संपायला हवी होती. पण मोटारीमागे पाइपात घातलेली केबल आली आणि तीच नवा शाफ्ट होऊन बसली. डेट्रॉइटच्या मोटारगाड्यांच्या कारखान्यांत गाडीचे मॉडेल बदलले की मशीनची रांग बदलावी लागे, आणि प्रत्येक वेळी पाइप तोडून नवे टाकणे परवडत नव्हते. त्यांच्या मागणीवरून १९३२ मध्ये प्लग करता येणारा बसबार बाजारात आला. आपल्या गाळ्यांची आजची अडचण नेमकी तीच आहे, फक्त आकार लहान आहे.

या पद्धतीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप अनुभवी वायरमनच घेतात आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ते म्हणतात, वायरिंगमधले बहुतेक दुखणे जॉइंटमध्ये असते. मग जॉइंट वाढवणारी पद्धत चांगली कशी? गणित त्यांच्या बाजूने दिसते. जोडणीत तयार होणारी उष्णता ही प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध एवढी असते. चांगल्या जोडणीचा रोध दोन मिलिओहम धरला, तर सोळा अँपिअरला जेमतेम अर्धा वॉट उष्णता निघते. तीच जोडणी सैल होऊन रोध एक दशांश ओहमवर गेला की पंचवीस वॉटहून अधिक. दुरुस्तीच्या दुकानातले छोटे सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच ताकदीचे असते. एवढी उष्णता सॉकेटच्या मागे, बंद डब्यात, सत्तर अंश सेल्सिअसपर्यंतच तग धरणाऱ्या पीव्हीसी आवरणाला चिकटून तासन्‌तास बसते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की एमसीबीला हे कळत नाही. वायरीतला प्रवाह ठरल्याप्रमाणे सोळा अँपिअरच असतो, तो वाढलेला नसतो. जमिनीत गळती होत नाही, म्हणून गळती ओळखणारा आरसीसीबीही स्वस्थ राहतो. सैल जॉइंट सगळ्या पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत तापत जातो.

पण हे गणित जॉइंटच्या संख्येविरुद्ध जात नाही, ते सैलपणाविरुद्ध जाते. आणि सैल कोण होते? भिंतीत गाडलेल्या वायरिंगमध्येही प्रत्येक सॉकेट, स्विच, जंक्शन बॉक्स आणि डीबीत (वीज वाटणाऱ्या मुख्य पेटीत) स्क्रूने आवळलेले जॉइंट असतातच. बारीक तारांच्या वायरीवर स्क्रू आवळला की तांबे दबते, काही काळाने तारा आत सरकून बसतात आणि पकड ढिली होते. भार चढला-उतरला की धातू तापतो, निवतो, फुगतो, आकसतो. शेजारी प्रेस चालत असेल तर कंपनही त्यात भर घालते. स्क्रू एकदा आवळला की त्यापुढे स्वतःहून दाबत नाही. स्प्रिंगची पकड मात्र दाबतच राहते. तांबे जरा दबले तरी तिचा जोर त्यामागे येतो. शिवाय कनेक्टर आत सरकताना धातूवर धातू घासतो आणि वरचा गंजाचा पातळ थर खरवडला जातो. कारखान्यात यंत्राने बसवलेला आणि तपासलेला कनेक्टर हा शिडीवर उभे राहून, अर्ध्या उजेडात, घाईत वळलेल्या जॉइंटपेक्षा सरस असतो, यात कारागिराचा अपमान नाही. सुटी जोडणी भरवशाची असू शकते याचा पुरावा डोंबिवलीकर तर रोज पायाखाली घेऊन ठाण्याला जातो. लोकलच्या एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाणाऱ्या विद्युत जोडण्या जंपर केबलींनी केलेल्या असतात. कळव्याच्या कारशेडमध्ये डबा वेगळा काढायचा झाला तर त्या सोडवाव्या लागतात आणि पुन्हा बसवाव्या लागतात. त्यांना धक्के, पाऊस, धूळ, सगळे सोसावे लागते. त्या टिकतात, कारण त्या सुट्या होणार हे धरूनच घडवलेल्या असतात आणि ठरलेल्या वेळी तपासल्या जातात.

दुसरी शंका अशी की जे काढता येते ते कुणीही काढेल. इथे आपल्या घरातला थ्री-पिन प्लग आठवावा. त्याची अर्थिंगची पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते, म्हणून घालताना अर्थिंग सर्वांत आधी जुळते आणि काढताना सर्वांत शेवटी तुटते. विजेच्या बाजूला नेहमी भोके असतात आणि उपकरणाच्या बाजूला पिना, त्यामुळे उघड्या जिवंत धातूला बोट लागत नाही. डक्टमधल्या कनेक्टरांत हेच नियम अधिक काटेकोरपणे पाळलेले असतात. उलटे घातले तर ते बसतच नाहीत. खटका सोडवायला अनेकांत हत्यार लागते. चांगल्या टॅप-ऑफ बॉक्समध्ये आतला स्विच चालू असताना बॉक्स पट्टीवरून निघत नाही अशी अडसर-योजना असते. मात्र एक भेद विसरू नये: प्लग-सॉकेट रोज घालण्या-काढण्यासाठी असतो, हे कनेक्टर तसे नाहीत. भार बंद करूनच, जाणत्या माणसाने ते सोडवायचे असतात. ज्या कामाला परवानाधारक वायरमन लागतो त्याला तो लागणारच.

आणि खरे तर या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ त्याच वायरमनला आहे. डोंबिवली एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. मशीन हलवायचे काम मंगळवारी निघाले तर शुक्रवारपर्यंत थांबायला कुणी तयार नसते. संपूर्ण डीबी बंद करायची म्हणजे सगळ्या गाळ्याचे उत्पादन थांबवायचे. मग सांगितले जाते, ‘चालूवरच कर, पाच मिनिटांचे काम आहे.’ पोटासाठी माणूस ते करतो. वेगळा करता येणारा फाटा असेल तर एवढ्याच भागाची वीज तोडून काम होते, बाकीची मशीने चालू राहतात आणि त्या माणसावर जीव धोक्यात घालण्याचे दडपण येत नाही. मला तरी या विषयातला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

खर्चाबद्दल प्रामाणिकपणे बोलायला हवे. पहिल्या दिवशीचे बिल जास्तच येते. बसबार आणि तयार कनेक्टर हे पाइप आणि वायरीपेक्षा महाग पडतात, आणि जिथे एकच पंप वीस वर्षे एकाच जागी चालणार आहे तिथे त्यांच्यावर पैसे घालणे व्यर्थ आहे. हिशेब बदलतो तो दुसऱ्या-तिसऱ्या फेरबदलाला. गाडलेली वायर काढता येत नाही, ती छाटून सोडून दिली जाते; भिंत फोडणे, बुजवणे, रंगवणे आणि थांबलेले काम हे सगळे नव्याने मोजावे लागते. टॅप-ऑफ बॉक्स आणि केबली मात्र उचलून दुसऱ्या जागी नेता येतात. भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने बसवलेली व्यवस्था जाताना सोबत नेता येणे, हीही लहान उद्योजकासाठी थोडीथोडकी गोष्ट नाही.

तरीही ही पद्धत सगळीकडे लागू नाही. डोंबिवली, अंबरनाथच्या रासायनिक कारखान्यांत जिथे ज्वालाग्राही वाफ असू शकते तिथे साधा कनेक्टर चालणार नाही. तिथे फ्लेमप्रूफ सामान आणि त्याचे स्वतंत्र नियम आहेत. आम्लाच्या हवेत उघडे तांबे काळवंडते, म्हणून धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा आयपी दर्जा पाहूनच वस्तू निवडावी लागते. जमिनीखालच्या डक्टबद्दल तर आपल्या भागात जास्तच सावध राहायला हवे. २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनी नद्यांचे पाणी कल्याण परिसरात कुठवर चढले होते हे लोक विसरलेले नाहीत. तळमजल्याच्या गाळ्यात फ्लोअर बॉक्स घालणे म्हणजे पुराच्या पाण्याला वीज दाखवणे. तिथे डक्ट वरूनच गेला पाहिजे. आणखी एक अडचण खरी आहे आणि तिला मी उत्तर देऊ शकत नाही: आयएस १२९३ मुळे कोणत्याही कंपनीचा थ्री-पिन प्लग त्याच अँपिअरच्या दुसऱ्या कंपनीच्या सॉकेटमध्ये बसतो, तशी एकरूपता डक्टच्या कनेक्टरांत नाही. एका कंपनीचे दुसऱ्या कंपनीच्या वस्तूत सहसा बसत नाही. जबरदस्तीने बसवले तर आपण पुन्हा सैल जॉइंटपाशीच येतो. म्हणून एक प्रणाली पूर्ण घ्यावी आणि थोडे सुटे भाग शिल्लक ठेवावेत.

माणसे शिकवावी लागतील, हे खरे. पण ही विद्या आपल्याला परकी नाही. कळव्यालाच सीमेन्सच्या कारखान्यात स्विचगिअर तयार होते, आणि ठाणे, अंबरनाथच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन आणि वायरमनचे दोन वर्षांचे अभ्यासक्रम करून मुले बाहेर पडतात. या मुलांच्या हातात झिरी मारण्याच्या छिन्नीसोबत टॅप-ऑफ बॉक्सही दिला पाहिजे.

नवा गाळा किंवा ऑफिस घेणाऱ्यांना एक विनंती आहे. फॉल्स सीलिंग चढण्याआधी ठेकेदाराला विचारा की उद्या हे टेबल किंवा हे मशीन पंधरा फूट सरकवले तर वीज कशी येईल. उत्तर ‘एक्स्टेंशन लावू’ असे आले, तर आराखडा परत करा. डक्ट निम्म्याहून कमी भरलेला ठेवायला सांगा, डेटाच्या आणि विजेच्या वायरींमध्ये पडदा मागा, प्रत्येक फाट्याचा भार कागदावर लिहून तो कागद डीबीच्या दारावर चिकटवून घ्या. आणि वर्षातून एका शुक्रवारी, सगळे बंद असताना, प्रत्येक जोडणी उघडून पाहायला परवानाधारक माणूस बोलवा.